वाघझिरा येईपर्यंत

"उखर्डू, मागची चिठ्ठी दाखवू नकोस मला. पुस्तक दाखव," सुनंदाबाई म्हणाल्या.

पण उखर्डूचा हात एव्हाना शेवटच्या पानावर पोचलाच होता. खांद्यावरची पिशवी ओट्यावर टेकवायची, पुस्तक काढायचं, ते मागून उघडायचं आणि तिथं चिकटवलेली तारखांची चिठ्ठी वाचणाऱ्यासमोर धरायची, ही त्याची अठरा वर्षांची रीत.

"दखा तरी अक्का! एकावर एक तीन चिठ्ठ्या लायेल शेतस. बठ्ठा देवपूर वाचस."

"वाचू दे. मी काय मागितलं होतं?"

"सातपुड्यातल्या पायवाटा," उखर्डू नाइलाजानं म्हणाला. "ते सापडत नही. दखस मी परत."

हे तो खोटं बोलला. पुस्तक सापडलं होतं. मागच्या भिंतीजवळच्या कपाटात, खालच्या फळीवर, धूळ खात पडलेलं. त्यानं सवयीनं चिठ्ठी पाहिली, तर तिच्यावर मोजून दोन शिक्के. शेवटचा १९३८ सालचा. अठरा वर्षांत ज्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही ते अक्कांच्या हाती कसं द्यावं? त्यानं ते होतं तिथंच सरकवून दिलं.

उखर्डू धुळ्याच्या एका वाचनालयात शिपाई होता. देवपुरातल्या बायका पूल ओलांडून पुस्तकं बदलायला येत नसत, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी तोच पिशवी भरून पांझरा नदीपलीकडे जाई. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पाट्या वाची, नावं आणि आकडे लावी, पण आख्खं पुस्तक त्यानं जन्मात वाचलं नव्हतं. वाचायची गरजच काय? त्याच्या गावात दोन विहिरी होत्या. एकीच्या काठाच्या दगडावर दोर घासून घासून बोटभर खोल खाचा पडल्या होत्या, दुसरीचा काठ गुळगुळीत. परक्या माणसानंही कोणत्या विहिरीत पोहरा सोडावा हे न विचारता ओळखावं. पुस्तकाच्या चिठ्ठीवरचे शिक्के म्हणजे त्याच खाचा, असा त्याचा सरळ हिशेब होता, आणि अठरा वर्षांत देवपुरातून एक तक्रार आली नव्हती.

तक्रार येणार कुठून? शेजारीण जे वाचते ते आपण वाचलं नाही, तर हळदीकुंकवाला गेल्यावर गप्प बसून राहावं लागे. डॉक्टरांच्या लताबाई तर नवं पुस्तक आलं की खिडकीत, रस्त्यावरून दिसेल असं उभं करून ठेवीत. कित्येकदा पानंही न उलगडता ते परत येई, पण लताबाईंचं मत मात्र पुस्तकाच्या आधी साऱ्या गल्लीत पोचलेलं असे.

त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, सगळ्यांच्या तोंडी एकच कादंबरी होती. तिचं नाव कोणी घेत नसे. निळ्या पुठ्ठ्याची, म्हणून नुसतं "निळं आलं का?" असं विचारत. वाचनालयात चार प्रती आणि साठ बायकांची नंबरांची यादी. त्यातली एक प्रत, लताबाईंचा नंबर मागं सारून, उखर्डूनं आज सुनंदाबाईंसाठी आणली होती. असलं धाडस त्यानं कधी कोणासाठी केलं नव्हतं.

त्याला कारण होतं. सुनंदाबाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. एकट्या राहत. त्या दसऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की काचबिंदू फार पुढं गेलाय, होळीपर्यंत वाचता येईल, पुढचं काही खरं नाही. हे त्यांनी फक्त उखर्डूला सांगितलं होतं, तेही पुस्तक मागता मागता. उखर्डू त्या दिवशी पुलावर बराच वेळ थांबला होता. अक्कांची नजर पाच महिन्यांची उरली. तेवढ्यात चार-पाच पुस्तकं होतील. मग ती गावातली सगळ्यात चांगली नकोत का?

"तुमनाकरता आनं अक्का. डॉक्टरीणबाईना नंबर व्हता," तो म्हणाला.

सुनंदाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या मायेनं आणलेली वस्तू परत कशी करायची?

"ठेव," त्या म्हणाल्या. "पण माझं ते शोध."

निळं पुस्तक साडेचारशे पानांचं होतं. सुनंदाबाई रोज दुपारी अंगणात, उन्हाकडे पाठ करून बसत आणि पुस्तक तिरपं धरून वाचत. आधी दिवसाला दहा पानं व्हायची, मग सहा, मग चार. उखर्डू दर गुरुवारी खूण कुठवर सरकली ते पाही, यादी चुकवून पुस्तक पुन्हा त्यांच्याच नावावर चढवी आणि मनोमन खूश होई. दिवाळी गेली, संक्रांत आली, तेव्हा कुठे पुस्तक संपलं.

"कसं व्हतं अक्का?"

"बरं होतं. दोन ठिकाणी रडू आलं." त्यांनी पुस्तक मिटून त्याच्या हाती दिलं. "सगळ्यांना आलं असेल त्याच दोन ठिकाणी. उखर्डू, ते सातपुड्याचं?"

"सापडत नही," तो म्हणाला. ह्या वेळी त्याला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"बस इथं," सुनंदाबाई म्हणाल्या. "माझे वडील जंगलखात्यात कारकून होते. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला वाघझिरा म्हणून ठिकाण आहे, तिथं आम्ही होतो. मी दहा वर्षांची होईपर्यंत. तिथला झरा, नाक्यावरची चौकी, मोहाची झाडं. आई तिथंच गेली माझी. पुढं कधी जाणं झालं नाही. ते पुस्तक लिहिणारा तोरणमाळापासून पायी निघतो आणि प्रस्तावनेतच सांगतो, वाघझिऱ्याला दोन महिने मुक्काम केला म्हणून. मी अर्ध्यापर्यंत आले होते, अनेर नदी ओलांडली होती, आणि घरात विषमज्वर शिरला. हे गेले. पुस्तक तसंच परत केलं मी."

"मंग नंतर का नही आनं?"

"तेच तर! मुलींच्या वह्या तपासायच्या. त्यातून वेळ मिळाला की जे सगळ्या वाचतात ते वाचायचं, नाहीतर लोक म्हणतील बाई मागं पडल्या. ते काय, कपाटात आहेच, कुठं पळून जातंय, असं म्हणत अठरा वर्षं गेली बघ. अर्ध्यावरच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय मी. मुलींना त्याच कारणासाठी पट्टीनं मारायची आणि स्वतः कोपरा दुमडला!" त्या थोड्या हसल्या. "मला आता चांगलं पुस्तक नकोय रे. माझं हवंय."

उखर्डूनं पिशवी उचलली. तो झपाझपा पूल ओलांडून वाचनालयात आला, तर मागच्या कपाटांना कागदी पट्ट्या चिकटवून मोहोर लावलेली. वर्षाची ग्रंथमोजणी सुरू झाली होती. मोजणी संपेपर्यंत त्या कपाटांना हात लावायचा नाही हा नियम. उखर्डूनं कारकून रुपचंदला हात जोडले, चिटणिसांच्या घरी खेटे घातले. "दोन शिक्क्यांच्या पुस्तकासाठी मोहोर तोडायची?" चिटणीस म्हणाले. त्यांचं काय चुकलं? कालपर्यंत उखर्डूही हेच म्हणाला असता. मोजणी एरवी आठ दिवसांत उरकायची. ती त्या वर्षी पाच आठवडे चालली.

मोहोर निघाली त्या दिवशी तो पुस्तक घेऊन अक्षरशः पळत देवपुरात गेला. सुनंदाबाई अंगणात नेहमीच्या जागी होत्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला आणि दुमडलेला कोपरा बरोबर सापडला. पान उघडलं. उन्हाकडे केलं. जवळ आणलं, लांब नेलं, तिरपं केलं. मग त्यावर तळहात ठेवला.

"काळं काळं दिसतंय सगळं," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले. म्हटलं, मोठा टाइप असेल तर..."

उखर्डू ओट्याखाली उकिडवा बसला. त्याला राहवेना.

"पुस्तक कपाटमाच व्हतं अक्का. पहिल्या दिवशीपासून. मी खोटं बोलनू. त्यावर दोनच शिक्का व्हतात, माले वाटनं, कोनी लेत नही ते तुमले कसाले देवानं? तुमले चांगलंच भेटाले पाहिजे..." आणि त्यानं ती दोन विहिरींची गोष्ट सांगितली. रडत रडत, लहान पोरासारखी.

सुनंदाबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "उखर्डू, विहीर वाटेवर असते म्हणूनही लोक तिथलंच पाणी भरतात. एक बाई जाते म्हणून दुसरी जाते. दुसऱ्या विहिरीचं पाणी तू चाखून पाहिलं होतंस का?"

त्यानं मान हलवली. मग त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन "नही" म्हणाला.

"माझ्याकडे थोडाच उजेड होता रे. तो सगळा त्या निळ्या पुस्तकाला गेला. मला तुझा फार राग आलाय. आज तू जा."

तो गेला. पुस्तक त्यांच्या मांडीवरच राहिलं.

पुढच्या गुरुवारी त्यानं देवपुरातली बाकीची घरं आधी उरकली आणि उन्हं कलता कलता सुनंदाबाईंच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्या बाहेरच बसल्या होत्या. त्यानं ओट्यावरचं पुस्तक घेतलं, दुमडलेलं पान उघडलं, बोट ठेवलं आणि सुरू केलं.

"अ...ने...र. अनेर. ओ...लां...डून..."

एक ओळ संपायला एवढा वेळ लागला की समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन पाहून गेली. उखर्डूच्या कपाळावर घाम आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पहिलीतल्या पोरासारखा भर रस्त्यात धडा वाचतोय. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो थांबला नाही.

"ओलांडून नंतर जरा थांब. तिथं स्वल्पविराम असेल," सुनंदाबाई म्हणाल्या.

होता.

त्या दिवशी एक पान झालं. मग गुरुवारमागून गुरुवार दीड, दोन, तीन पानं होऊ लागली. जिथं जोडाक्षर येई तिथं उखर्डू अडखळे आणि वाट पाही. सुनंदाबाई मागचा-पुढचा अर्थ जुळवून शब्द सांगत, तो पुन्हा म्हणे, मग पुढं. चोपड्याचं जंगल आलं. "उनपदेव उना अक्का," म्हणता म्हणता तिथलं गरम पाणी आलं. तिथं लेखकाला ताप भरला तेव्हा उखर्डूला आठवडाभर चैन पडलं नाही. "पुढे बरा व्हयना व्हई ना अक्का?" त्यानं विचारलं, तेव्हा त्या खळखळून हसल्या. "बरा झाला नसता तर पुस्तक कोणी लिहिलं असतं?" त्यांचा राग त्या हसण्यात गेला असावा. निदान उखर्डूनं तसं धरलं.

दर वेळी पिशवी उचलताना तो म्हणे, "मधलं सोडी देऊ का? एकदम वाघझिराच वाचतस."

"नाही. तो चालत गेलाय, आपणही चालतच जायचं."

दर पंधरा दिवसांनी पुस्तक सुनंदाबाईंच्या नावावर पुन्हा लिहिलं जाई आणि चिठ्ठीवर एक शिक्का पडे. पहिली चिठ्ठी भरली. रुपचंदनं वर दुसरी चिकटवली.

मार्गशीर्षात थंडी फार पडली. एका गुरुवारी पान संपल्यावर सुनंदाबाईंनी विचारलं, "किती राहिलं?"

"अठरा पानं."

"आला का रे वाघझिरा?"

"आते येईच. मोहाना झाडं चालू व्हयनात."

"चल तर. कोपरा दुमड," त्या म्हणाल्या. "मी सांगते, दुमड."

पुढच्या सोमवारीच उखर्डूला पुलावर कळलं. झोपेतच गेल्या होत्या. यावलहून पुतण्या येऊन सगळं उरकून, घराला कुलूप लावून गेला. पुस्तक तेवढं त्यानं वाचनालयात आणून दिलं होतं.

ते टेबलावर पडलेलं असतानाच लताबाई टांग्यातून उतरल्या. वार्षिक सभेला आल्या होत्या. त्यांनी सहज पुस्तक मागून उघडलं.

"अगोबाई, हे तर फार जातंय की! आणि मला सांगितलं नाहीस, उखर्डू? इतकं चांगलं आहे?"

अठरा वर्षांत ह्या प्रश्नाला उखर्डूकडे एकच उत्तर होतं, आणि ते त्याच्या जिभेवर तयार असे. आज त्यानं हळूच त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं.

"माले ठाऊक नही बाई. मन्हा अजून अठरा पानं राह्यनात."

तो रुपचंदच्या टेबलापाशी गेला. रुपचंदनं टाक उचलला. "कोणाच्या नावावर?"

"मन्हा."

"तुझ्या?"

"हा. लिखा. उखर्डू चुडामण."

रुपचंदनं लिहिलं. शिक्का उखर्डूनं स्वतःच उठवला.

गुरुवारी देवपुरातली घरं उरकून तो कुलूप लावलेल्या दारापुढच्या पायरीवर बसला. कोपरा सरळ केला. मनातल्या मनात वाचायचं त्याच्या मनात होतं, पण त्याला तसं वाचता येत नव्हतं. तो मोठ्यानंच वाचू लागला. चौथ्या ओळीत एक जोडाक्षर आलं. तो अडखळला आणि सवयीनं थांबला. बराच वेळ थांबला. मग अक्षराला अक्षर लावून तो शब्द त्यानं स्वतःच म्हटला, पुन्हा एकदा नीट म्हटला, आणि बोट पुढं सरकवलं.

तिसऱ्या पानाच्या तळाशी ते बोट थबकलं.

"अक्का," तो दाराकडे मान वळवून म्हणाला, "वाघझिरा उना."

आणि पान उलटून पुढं वाचू लागला.