ओलं सारवण

तीन हजार वर्षांपूर्वीची जमीन गुरुवारी सकाळी सापडली, आणि ती ओली होती.

मृणाल वाघुळदे चराच्या तळाशी उकिडवी बसून बघत राहिली. गिरणेकाठचं हे कपाशीचं शेत एका बिल्डरने घेतलं होतं. इमारती उठण्याआधी जुनं काही आहे का ते शोधायला तिला दहा दिवस मिळाले होते, आणि आज दहावा. नऊ दिवस नुसती माती. आता हे: तीन हजार वर्षं जुन्या थरात कुणाच्या तरी घरातली शेणाने सारवलेली जमीन, त्यावर बोटांचे ताजे फराटे.

खणणाऱ्या ठगूबाईने कुदळ ठेवली, चपला काढल्या. "ताई, वर या. ओल्यावर पाय देऊ नये."

मृणाल वर आली. शिक्षण कितीही होवो, घरचं वळण काही सुटत नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर तिने काळ लिहिला: आज सकाळ. दिसलं तेच लिहिलं.

दुपारी बिल्डरचा इंजिनियर पोतनीस आला. चिठ्ठी वाचून त्याला कोण आनंद! आजचं म्हणजे जुनं नव्हे, तेव्हा 'जुनं काही नाही' म्हणून सही करा आणि मोकळ्या व्हा, असं त्याचं म्हणणं. आपल्याच हाताने शेत घालवलं, या विचाराने मृणालला रडू यायचं बाकी राहिलं.

"वाळलं की करते," ती म्हणाली.

वाळतंय कसलं! सारवण चराच्या भिंती चढून वर आलं आणि पऱ्हाट्यांखालून सरकत बांधापर्यंत गेलं. खोदायला थांबलेला पोकलेनवाला यंत्रातून खाली उतरला, चपला हातात घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. पोतनीसने आरडाओरडा केला, वरपर्यंत जाईन म्हणाला, पुढे जायला तावातावाने बुटाचा पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून राहिला. आई त्याचीही असणारच की.

"कधी वाळेल हे?" त्याने हळूच विचारलं.

"सारवणाऱ्या बाईचा हात फिरतोय तोवर कसं वाळेल?" ठगूबाई म्हणाली.

मातीच्या ढिगावर उभ्या मृणालला खदखदून हसू आलं. जिंकलो होतो. दहा दिवसांचा शीण कुठच्या कुठे पळाला.

ऊन कललं तेव्हा सारवण पोतनीसला वळसा घालून, रस्ता ओलांडून पलीकडच्या बिल्डरच्या नमुना फ्लॅटच्या पायऱ्या चढत होतं. पोतनीसच्या टेकलेल्या एका पायाखाली तेवढी बुटाएवढी जागा कोरडी उरली होती. मग तिच्या कडेला चार बोटांचा नवा फराटा उमटला.