सात लेकरं, एक शर्ट

दहाव्याला महाराजांनी प्रवचनात सांगून टाकलं, की साखराबाईच्या तोंडून उभ्या जन्मात वाकडा शब्द निघाला नाही. मागं बसलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावले. सरपंच त्रिंबकराव तर त्याच्याही पुढं गेले. म्हणाले, "शांत, सोशिक, खोटं म्हणून कधी न बोलणारी माउली!" अहो, कसली सोशिक! ह्याच त्रिंबकरावाला मत मागायला आल्यावर "मुडद्या, आधी नळाला पाणी सोड" म्हणून तिनं उंबऱ्यावरनं हाकललं होतं. अख्ख्या आळीनं बघितलं होतं ते.

अनिलला हे ऐकवेना. वीस वर्षांचा हा नातू पोलीस भरतीसाठी रोज चौसाळ्याच्या रस्त्यावर पळायचा. शेवटी त्याला बोलायचं होतं. बापानं, जालिंदरनं, आधीच बजावलं होतं, "चार चांगले शब्द बोल आन बस खाली." पण हे सगळे भलत्याच कुठल्या बाईला श्रद्धांजली वाहायलेत, असं वाटून त्याचं डोकं फिरलं. त्यानं माईक घेतला.

"माजी आज्जी लई खोटारडी व्हती."

महाराजांनी टाळ खाली ठेवला.

मग अनिलनं सांगितलं. बाप आणि तिघं चुलते दिवाळी झाली की बायकांना घेऊन ऊसतोडीला जायचे; कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. सात लेकरं सहा महिने म्हातारीच्या गळ्यात. संध्याकाळी एकेका लेकाचा व्हिडिओ कॉल यायचा. पोरांचे कपडे म्हणजे नुसत्या चिंध्या, धड असा एकच निळ्या चौकड्याचा शर्ट. ज्याच्या बापाचा फोन, त्याचं तोंड धुऊन, तेल चोपडून, त्याला तो घालायचा. फोन संपला की शर्ट काढून दुसऱ्याच्या अंगात. सगळ्यात धाकट्या हरिबाला तो गुडघ्यापर्यंत यायचा, अनिलच्या पोटावर बटण लागायचं नाही. म्हणून आज्जी फोन गळ्याच्या खाली जाऊच द्यायची नाही.

"हालू नको, भाड्या, बाप बघायलाय!" अशी दबक्या आवाजात शिवी, आणि लगेच फोनमध्ये, "लई गुणाचं हाय रं तुजं लेकरू. दोन-दोन भाकरी खातंय."

मांडव हसायला लागला. त्रिंबकरावसुद्धा. अनिलला चेव आला.

"माजा हात मोडलता ना, तवा गळ्यातली झोळी काढली आन म्हणली, हात मागं धर, दोन मिन्टं हास. मी हासलो!"

लोक पोट धरून हसत होते. जालिंदर तेवढा उठला आणि मांडवाबाहेर गेला.

झक मारली आणि बोललो, असं म्हणत अनिल मागोमाग पळाला. बाप पाण्याच्या टाकीमागं उकिडवा बसला होता.

"हात कवा मोडलता?"

"सहावीत असताना."

"मला कावून न्हाई सांगितलं बे?"

"आज्जी म्हणली, बाप कोयता टाकून येईल."

जालिंदरनं नाक शिंकरलं. "मी अख्ख्या टोळीला फोन दाखवत फिरायचो. बघा, म्हणायचो, माजं पोरगं कसं साहेबावानी ऱ्हातंय." अनिलला बापाची लई दया आली.

"मग थंडीत काय घालायचा तू?"

"काय न्हाई आप्पा. आज्जीची लुगडी पांघरायचो, सगळे मिळून. तिची वाकळ बी आमालाच."

"आन ती?"

"ती चुलीपाशी बसून ऱ्हायची. म्हणायची, मला कुटं झोप येती, झोपा तुमी."



"मला बी ल्हानपणी हेच सांगायची," जालिंदर म्हणाला. "तवा ती तीस वरसांची बी नव्हती."