एका नावाची रापण

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझा पंखा सुरू झाला की ग्रंथालयातली मुले "गिरण चालू झाली" म्हणून हसतात, आणि मी ते कधीच मनावर घेत नाही. पण आज जे सांगणार आहे, त्याची मात्र मला खरोखर लाज वाटते.

माझा जन्म कुडाळच्या एका दुकानात झाला. डबा कुठला, पडदा कुठला, कळफलक कुठला; सत्यवान नावाच्या कारागिराने सगळे जुळवून मला उभे केले. मिठबावजवळच्या एका कॉलेजच्या कार्यालयात आलो तेव्हा माझा काय तोरा होता! झालर लावलेले आच्छादन काय, रोज सकाळी उदबत्ती काय! दाखले, निकाल सगळे माझ्याच पोटातून निघायचे. पुढे नवा सडपातळ संगणक आला आणि माझी रवानगी ग्रंथालयाच्या खिडकीपाशी झाली. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायला माझ्याइतकी सोयीची जागा नाही, असे सगळ्यांना वाटू लागले.

मग मराठी शिकवायला चारुता मॅडम आल्या. त्यांनी गठ्ठे उतरवले, मला पुसले आणि मुलांना माझ्यासमोर बसवले. इंटरनेटवर मराठीचा एक ज्ञानकोश आहे, तो आपल्यासारख्यांनीच लिहायचा असतो, हे मुलांना प्रथमच कळले. मॅडम जीव ओतून शिकवायच्या. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, गिरवा. प्रत्येक माहितीला आधार द्या. दुसऱ्याचे लिखाण उचलू नका. पण घोड्याने पेंड खाल्ली ती एकाच ठिकाणी. प्रत्येकाने स्वतःचे खाते उघडायचे, त्या दिवशी इंटरनेट रडत होते. वेळ वाचावा म्हणून मॅडम म्हणाल्या, "आज सगळे माझ्याच खात्यातून लिहा." खाती उघडून झाली ती नंतर, मुलांच्या डोक्यात मात्र पहिल्या दिवसाचे तेच पक्के बसले.

त्या मुलांत दिव्या होती. तिच्या घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचे ते भले मोठे जाळे. तिने रापणीवरच लेख सुरू केला. ज्ञानकोशाची राखण करणारे एक जुने प्रचालक खारेपाटणला राहतात. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. अप्पांनी लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाविषयी बोलायच्या पानावर, लिहिले, "मुली, सुरेख काम." मॅडमनी तिथल्या तिथे ठरवून टाकले की कसालच्या कॉलेजची नवी मुले शिकायला येतील, तेव्हा त्यांना दिव्याच शिकवील. पोरगी त्या दिवशी घरी चालत नाही, उडतच गेली!

कसालची मुले यायची वेळ जवळ आली आणि लेख तर अर्धाच. मॅडम परीक्षेच्या कामाला बाहेरगावी. दिव्या रडकुंडीला आली. तिच्या वर्गातले देवेश आणि रिया म्हणाले, "आमी लिवतो गो, पण आमची खाती नवी. आमचा कोण वाचतलो?"

दिव्या म्हणाली, "रापण काय एकट्यान ओढतत? माझ्याच नावान लिवा."

मित्रांनो, आमच्या किनाऱ्यावर यात काही वावगे नाही. दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो; कोणी किती ओढले याचा हिशेब कोण ठेवतो? पण ज्ञानकोशाचा नियम वेगळा. तिथे एक नाव म्हणजे एकच माणूस. दिव्याने आपल्या खात्याचा परवलीचा शब्द टाकला, तेव्हा मी विचारले, "हा शब्द लक्षात ठेवू का?" रियाने "हो" दाबले. कित्येक वर्षांनी कोणी मला काही लक्षात ठेवायला सांगितले होते. मी मूर्ख, आनंदाने फुगलो! दुसऱ्या दिवशी देवेश एकटा आला आणि मी त्याला दिव्याचे दार सताड उघडून दिले. त्याने मच्छीमार सोसायटीच्या स्मरणिकेतले पानच्या पान उचलले आणि लेखात चिकटवले. घाई होती, दुसरे काही नाही.

अप्पांच्या नजरेतून ते कसे सुटेल? चर्चापानावर त्यांनी लिहिले, "मजकूर उचललेला आहे, आणि एका नावामागे अनेक हात दिसतात. हे खाते बंद करत आहे." ते सगळ्या जगाला दिसत होते, आणि दाखवत होतो मी.

मॅडम परतल्या त्या संतापूनच. "दिव्या, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. माझी मान खाली घालायला लावलीस!" वड्याचे तेल वांग्यावर निघाले, आणि तेही सगळ्यांसमोर दिव्याला उभे करून. "बोल ना! कोणी केले हे?"

दिव्या हळूच म्हणाली, "मॅडम, जाळा फाटला तर कोणाच्या हातान फाटला, असा आमच्यात कोण इचारना नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात मागून देवेश पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "मॅडम, ता माझा काम. दिव्यान कायएक करूक नाय."

"पण तू तिच्या नावाने लिहिलेसच कसे?"

"पयल्या दिवशी आमी तुमच्या नावान नाय लिवला? तसाच."

चारुता मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. मग त्यांनी कळफलक ओढला आणि स्वतःच्या नावाने अप्पांना लिहिले, "एका खात्यातून लिहिण्याची वाट मुलांना मीच दाखवली. दिव्याला मी सर्वांसमोर बोलले, म्हणून माफीही सर्वांसमोर मागते." देवेशने आपल्या खात्यातून आपली चूक लिहिली. अप्पांनी स्मरणिकेतून उचललेला मजकूर लेखातून काढून टाकला आणि दिव्याचे खाते उघडले. पण दिव्याचे मन काही उघडेना. "मी नाय शिकवूचंय, मॅडम. सगळी हसतली."

कसालची मुले आली. मॅडम शिकवायला उठल्या, इतक्यात दिव्या दारातून आत आली आणि तडक माझ्यासमोर येऊन बसली. लेख उघडील असे मला वाटले. तिने उघडले चर्चापान, आणि अप्पांचे ते शब्द पडद्यावर मोठे केले. शरमेने माझा पंखा घरघरला.

"पयला ह्या वाचा," ती म्हणाली. "ह्या माझा नाव. माझा खाता बंद पडला हुता. कशाक बंद पडला, ता आता सांगतंय."

कोणीच हसले नाही. एका मुलीने तर वही काढली.

मित्रांनो, आपले नाव आपल्या जिवलगालाही वापरायला देऊ नका. माझ्यासारख्याने "लक्षात ठेवू का" विचारले तर खुशाल "नको" म्हणा, आणि काम झाले की खात्यातून बाहेर पडूनच उठा. तरीही चूक झालीच, तर आपल्या जागी दुसऱ्याला बोलणी खायला उभे ठेवू नका. त्या दिवशी खरे काय ते मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.