दोन मिनिटं अठ्ठावन्न

धाकट्या जावेचं चांगलं झालेलं मला बघवत नाही. चारचौघांत मी हे कबूल करणार नाही, पण आहे ते असं आहे.

आमच्या घरात पळणारी म्हणजे मी. शाळेत आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत पळून पहिली आले होते. पुढे गुडघा गेला, लग्न झालं, शिवणकारखान्यात काजं करत बसले. तरी सासूबाई पाहुण्यांना अजून सांगतात, "आमची थोरली शाळेत पहिली यायची हो!" माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

मग बेकरीत पाकिटं भरणाऱ्या धाकटीला तिशीनंतर पळायचं खूळ लागलं. कामगारांच्या संघात निवड व्हायची तर आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत हवेत. "ताई, तुम्हाला यातलं कळतं. घड्याळ तुम्ही धरा ना," म्हणाली.

धरलं. ती रेघेवर वाकली की मी बटण दाबायचे, ती सुटायची नंतर. परत येताना ती रेघ ओलांडून पार पुढे गेली की मग थांबवायचे.

"तीन सात," मी तोंड पाडून सांगायचे. "झेपत नाही तर सोड ना बाई."

वाटलं होतं, रडेल, नाद सोडेल. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा माझ्या दारावर टकटक. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

निवडीच्या दिवशी घड्याळ संघाच्या मास्तरांच्या हातात होतं. मी कुंपणापाशी उभी राहून, हिच्या पायात गोळा येऊ दे, एवढंच मागत होते. ती आली आणि मास्तर ओरडले, "दोन चोपन्न!"

चार सेकंदांनी मी घरातली दुसरी झाले.

धापा टाकत ती सरळ माझ्याकडे आली. "माझं घड्याळ बिघडलंय वाटतं," मी आधीच म्हणून टाकलं.

"ताई, पळताना मी मनात मोजते. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

माझे कान तापले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही यायचं बंद केलं असतं." तिने बाहीने तोंड पुसलं. "मग मी पळू कशाला? माहेर राहिलं नाही मला. शेवटच्या वळणावर आले की तुम्ही दिसता, माझी वाट बघत. तोंड वाकडं असतं तुमचं, पण उभ्या असता. तेवढ्यासाठी पाय उचलतात माझे."

घरात माझीही वाट बघतात, नाही असं नाही. पण ती चहा कधी होतो म्हणून. हिच्यासाठी मात्र रोज पहाटे एक बाई मैदानावर उभी राहत होती, आणि ती बाई मीच होते.

धाकटीचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.