अंतिम सामन्याला न आलेला ऑरिन

सोमवारी सकाळी सात वाजताच लॉरीनच्या कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. शनिवारी एल्मस्टेड कॉलेजच्या मुली बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद एका गुणानं हरल्या होत्या, आणि चार हजार वस्तीच्या त्या गावात दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. टपालखात्यातून निवृत्त झालेला डर्क मिठाच्या, मिरपुडीच्या बाटल्या टेबलावर मांडून शेवटच्या नऊ सेकंदांत कोण कुठे उभं होतं ते दाखवत होता. कोचनं टाइमआउट घ्यायलाच हवा होता, हे त्याचं ठाम मत. कुणी पंचांना शिव्या घालत होतं. कुणी म्हणत होतं, मारिट होल्टेनं ते दोन फ्री थ्रो घातले असते तर आज गावात मिरवणूक निघाली असती.

"पोरीला नावं ठेवू नका," लॉरीन कॉफी ओतता ओतता म्हणाली. "सगळा सामना तिनं एकटीनं ओढला. डर्क, तुला कधी टपालाची पिशवी तरी धड ओढता आली का?"

सगळे हसले. वर्ना लिंडक्विस्टही हसली. ती स्वतः सामन्यासाठी ओहायोला जाऊन आली होती, चाहत्यांच्या बसनं, अकरा तासांचा प्रवास करून. त्यामुळे जो तो तिचं मत विचारत होता. ती दोन शब्दांत उत्तर द्यायची आणि पुन्हा दाराकडे बघायची. ऑरिन जाडेन येईल असं तिला उगाच वाटत होतं.

ऑरिन म्हणजे सामन्यांना तिच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा, आता निवृत्त झालेला गुरांचा डॉक्टर. कॉलेजच्या व्यायामशाळेत आठव्या रांगेत दोघांच्या खुर्च्या एकोणीस हिवाळे शेजारीशेजारी होत्या. मर्लला, वर्नाच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला तेव्हा तिनं सात वर्षं त्याचं सगळं अंथरुणात केलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिची बहीण त्याच्यापाशी बसायची आणि वर्ना सामन्याला यायची. त्या दोन तासांत तिला कुणी काही मागत नसे. ऑरिन खारे शेंगदाणे आणायचा, ती थर्मासमधून कॉफी. मर्ल गेला त्या आठवड्यात ऑरिननं एवढंच विचारलं होतं, "आज कॉफी मी आणू का?" मार्चमध्ये हंगाम संपला की दोघं "नोव्हेंबरात भेटू" म्हणून आपापल्या वाटेला लागायची. त्यानंतरचे महिने दरवर्षी लांबतच चालले होते; निदान वर्नाला तसं वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

ओहायोच्या बसला दोघांनीही नावं दिली होती. शुक्रवारी पहाटे बस त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबली. तो आला नाही. वर्नानं शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि ओहायोपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. शनिवारी शेवटच्या क्षणी चेंडू रिंगवर फिरून बाहेर पडला, तेव्हा काहीतरी बोलायला ती सवयीनं डावीकडे वळली. तिथे एक अनोळखी माणूस चिप्स खात होता. हरल्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

"तुमचे डॉक्टर कुठे गडप झाले?" डर्कनं विचारलं.

माहीत नाही, असं ती म्हणाली. घरी जाऊन बघून का येत नाही, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तिला कबूल करावं लागलं की त्याचं घर तिला ठाऊक नाही.

"एकोणीस वर्षं मांडीला मांडी लावून बसता आणि घर माहीत नाही?" डर्क म्हणाला. "आमच्या बायकोला तर माझे सगळे लपण्याचे अड्डे पाठ आहेत."

पुन्हा हशा पिकला. या खेपेला वर्नाला हसू आलं नाही. निघताना लॉरीननं न विचारताच एका कागदावर रस्ता काढून दिला. धान्याची कोठारं ओलांडून खडीच्या वाटेनं चार मैल, मग वाटेच्या कडेला निळी टपालपेटी.

मंगळवारी दुपारी ती गेली. दार ऑरिननंच उघडलं. ती भर उन्हात त्याच्यापासून तीन फुटांवर उभी होती, तरी त्यानं विचारलं, "कोण?"

"मी आहे," ती म्हणाली.

त्याचा चेहरा लगेच खुलला. तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. भिंतीला लागून सामान भरून बांधलेली खोकी रचली होती. कॉफी ओतताना त्यानं एक बोट कपाच्या काठाच्या आत धरलं आणि कॉफी बोटाला लागताच हात थांबवला. वर्ना ते बघत राहिली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

दोन वर्षं झाली, तो म्हणाला. नजरेच्या मधोमध धुकं, कडेकडेचं थोडं दिसतं. सामन्याला शेजारी मोटारीनं सोडायचा. खाली कोर्टावर रंग हलताना कळायचे, चेंडू कधीच दिसायचा नाही. तेव्हा कुठे वर्नाला उलगडा झाला. "आता कुणी टाकला?", "मारिट कुठे आहे?", "एवढे का ओरडतायत?" असे प्रश्न तो दोन हिवाळे सारखे विचारत होता. तिला वाटलं होतं, वय झालं, बोलायला आवडतं. आणि तिनंही हौसेनं सगळं सगळं सांगितलं होतं.

"मग एवढ्या थंडीत यायचात कशाला? रेडिओ होता की घरी."

"रेडिओवाला सांगतो चांगला," ऑरिन म्हणाला. "पण तो तुमच्यासारखा चिडत नाही."

बसला का आला नाही तेही त्यानं सांगितलं. परकं शहर, परके जिने, हॉटेलात खोली शोधायची. मोरीच्या दारापर्यंतसुद्धा कुणाचा तरी हात धरावा लागला असता, आणि तो हात तिचा असता. बूट घालून तो पहाटे पायरीवर बसला होता. शेजाऱ्यानं भोंगा वाजवला आणि यानं त्याला परत पाठवलं.

मग त्यानं तिला शेवटचं मिनिट सांगायला लावलं.

तिनं कप बाजूला सारला आणि सांगितलं. एका गुणाची पिछाडी. मारिटला ढकललं, दोन फ्री थ्रो. पहिला आखूड पडला. दुसऱ्याच्या आधी तिनं घामाचे हात मोज्यांना पुसले, चेंडू चारदा आपटला, एरवी ती तीनदाच आपटते. तोही हुकला. पण परत आलेला चेंडू आपल्याच मुलीनं उडी मारून धरला आणि कोपऱ्यात मारिटलाच दिला. तिनं फेकला. चेंडू रिंगवर फिरला, एकदा, दोनदा, जणू त्याला स्वतःलाच ठरवता येईना. मग बाहेर. मारिट तशीच हात वर करून उभी राहिली आणि समोरच्या संघाच्या एका मुलीनं येऊन तिचा हात खाली घेतला.

ऑरिन डोळे मिटून ऐकत होता. "हे रेडिओवर नव्हतं," तो म्हणाला.

मग वर्नानं खोक्यांबद्दल विचारलं. शनिवारी त्याची मुलगी जोनेल त्याला न्यायला येणार होती. आता कायमचं डुलुथला, तिच्या घरी. साडेचारशे मैल.

"राहा ना इथेच," वर्ना म्हणाली. "मी आहे."

"तुम्ही सात वर्षं एका माणसाचं केलंत. पुन्हा तेच तुमच्या पदरात घालू?"

"ते मला ठरवू द्या की."

त्यानं नकारार्थी मान हलवली. तिला राग आला. ती उठली, कप धुऊन ठेवला आणि निघाली. शनिवारी निरोपाला गेली नाही. त्या दिवशी तिनं सगळ्या खिडक्या धुऊन काढल्या.

जूनमध्ये त्याचा फोन आला. मारिट कॉलेज सोडून एका मोठ्या विद्यापीठाकडून खेळणार, असं त्यानं ऐकलं होतं, ते खरं का? खरं होतं. डर्कनं तर ते स्वतःच्या घरचं भांडण असल्यासारखं मनाला लावून घेतलं होतं. दोघं तासभर बोलली. त्यानंतर दर रविवारी फोन होऊ लागला. मार्चमधल्या त्या दुपारचा विषय मात्र कुणीच काढत नव्हतं.

ऑक्टोबरात ती बसनं डुलुथला गेली. जोनेल भली बाई होती. तिनं दोघांना समुद्राएवढ्या सरोवराच्या काठी एका बाकावर सोडलं आणि स्वतः खरेदीला गेली. वारा बोचरा होता. धान्याचं एक मोठं जहाज बंदरातून निघालं होतं. वर्ना ते कुठवर गेलं ते सांगत राहिली, आणि ऑरिन तिच्या कोपरावर हात ठेवून ऐकत होता. जहाज दिसेनासं झालं तरी त्यानं हात काढला नाही.

"आपल्या मुली पुन्हा अंतिम सामन्यात गेल्या तर मी येईन," तो म्हणाला. "या खेपेला नक्की."

मारिट गेली होती, आणखी तिघी पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. असा संघ पुन्हा जमायला तीस वर्षं लागली असती. त्याचं वय त्र्याहत्तर.

"जातील की," वर्ना म्हणाली. "न जायला काय झालं?"

संध्याकाळी बसस्थानकावर तो जोनेलबरोबर सोडायला आला. वर्ना पायरी चढताना त्यानं तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला, "पोचलीस की कळव."

ती खिडकीशी बसली. शेजारी दुसरी एक बस निघण्याच्या तयारीत होती. तिचं इंजिन आधी सुरू झालं. ऑरिननं त्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि टोपी काढून हलवू लागला. ती बस निघाली, फाटकातून बाहेर पडली, तरी तो हलवतच होता. जोनेल पुढे झाली आणि त्याला खांद्याला धरून हलकेच वळवू लागली. तेवढ्यात वर्नाची बसही सुटली.