उलट्या बाजूचे दाणे

खोलीत गालिचा एक. त्यावरून उचलून भिंतीशी लावलेल्या खुर्च्या सहा. पियानो एक, झाकलेला. माणसं चार: मी, मामा, पियानो शिकवणाऱ्या बाई आणि संग्रहालयातून फाइल घेऊन आलेला माणूस. खाली गाडी उभी होती, इंजिन चालूच. पावणेदहा झाले होते. दहाला गालिचा गुंडाळून तीन महिन्यांसाठी प्रदर्शनाला जाणार होता. त्याआधी विम्याच्या कागदावर बाईंची सही व्हायची होती आणि कागदावरची रक्कम माझ्या मोजणीवर ठरलेली होती.

ती मोजणी चुकली आहे, असं मला काल संध्याकाळपासून वाटत होतं.

मामा चाळीस वर्षं गालिच्यांची किंमत ठरवतो. एकही अहवाल मागे घ्यावा लागलेला नाही, हे तो पहिल्या भेटीत सांगतो आणि दुसऱ्या भेटीत परत सांगतो. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्याच्या हाताखाली आले, तेव्हा रंगांच्या तपासण्या माझ्याकडे आल्या. मग त्याचे गुडघे कुरकुरायला लागले आणि जमिनीवर ओणवं होऊन गाठी मोजणंही माझ्याकडेच आलं. गालिचा उलटा करायचा, दहा सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, आडव्या आणि उभ्या गाठी मोजून गुणाकार करायचा. गाठी जितक्या दाट, तितकं काम बारीक. बाईंच्या गालिच्यात आडव्या चौऱ्याऐंशी आल्या, उभ्या सेहेचाळीस. आकडा वाचून मामाच्या भुवया वर गेल्या. पण भाचीने मोजलंय म्हटल्यावर बघायचं काय? त्याने सही ठोकली.

काल दुरुस्तीच्या दुकानात रफूवाली एका फाटक्या तुकड्यावर नव्या गाठी घालत होती. एक गाठ दोन ताण्यांना, म्हणजे शेजारच्या दोन उभ्या धाग्यांना, विळखा घालून बसली. तुकडा उलटा केला, तर एका गाठीचे मागे शेजारी शेजारी दाणे दोन. सगळीकडे असंच असतं का, मी विचारलं. नाही, काही गालिच्यांत दुसरा दाणा आत दबतो, मग मागून एकच दिसतो, ती म्हणाली. नवशिके इथेच दुप्पट मोजून बसतात. ती हसली. मामाच्या कपाटातले नमुने, ज्यांच्यावर मी मोजायला शिकले, ते सगळे एका दाण्याचे होते. बाईंचा गालिचा कोणता, हे मी पाहिलंच नव्हतं.

मामा रात्री आठनंतर फोन बंद ठेवतो. सकाळी त्याला गाठायला निघाले, तर तो परस्पर इथे पोहोचलेला. आता तो बाईंना चाळीस वर्षांचं सांगत होता. मी एक खुर्ची सरळ केली, मग तीच परत सरळ केली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यांचा भाऊ या गालिच्याला जन्मभर पायपुसणं म्हणत आला होता; या कागदाची प्रत त्याला पाठवणार म्हणाल्या.

“मामा, सही थांबव,” मी म्हणाले. “मी दाणे मोजले. गाठी नाही मोजल्या.”

त्याला तेवढं पुरलं. बाकीच्यांना समजावून सांगावं लागलं: या गालिच्यात एका गाठीचे मागे दोन दाणे असतील, तर माझा आकडा दुप्पट आहे. खाली हॉर्न वाजला. संग्रहालयाचा माणूस म्हणाला, अकराला दुसरीकडे पोहोचायचंय, कागदातली दुरुस्ती नंतर करता येईलच की.

“नंतर म्हणजे कधी?” मामा म्हणाला. “गालिचा जळाल्यावर?” मग त्याने बाईंना सांगितलं की नुकसान झालं तर कंपनी आधी अहवाल तपासते, त्यात एक आकडा खोटा निघाला तर सगळाच दावा अडकतो. आणि आकडा खरा केला तर किंमत बरीच खाली येईल.

बाईंनी टोपण लावलं. “तुम्ही स्वतः पाहिलं होतंत?”

मामाने माझ्याकडे बघितलं नाही. “नाही,” तो म्हणाला. “नुसती सही केली.”

पियानोचा पाय धरून तो खाली बसला. गुडघा कट्कन वाजला. गालिच्याचा कोपरा उलटा करून त्याने एका गाठीखाली सुई घातली आणि हलकेच उचलली. दोन दाणे एकत्र वर आले. दुसरीकडे उचलली, तिथेही दोन.

“पदवी घेतलीस, पण उलटं करून बघायला सांगितलं की फक्त गालिचाच उलटा करतेस, आकडा नाही,” तो म्हणाला. “चल, मोज. मी सुई धरतो.”

बाईंनी टेबलावरचा दिवा आणून जवळ धरला. एकतिसावर होते तेव्हा पुन्हा हॉर्न वाजला आणि आकडा निसटला. मी पहिल्यापासून सुरुवात केली. दहा वाजून गेले. ड्रायव्हर वर येऊन दारात थांबला आणि आम्हाला गालिच्याभोवती वाकलेलं बघून त्याने टोपी काढली. मामाने मागच्या अहवालावर ‘रद्द’ लिहिलं, खाली तारीख घालून सही केली आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

आडव्या बेचाळीस, उभ्या सेहेचाळीस. चौकोनात एक हजार नऊशे बत्तीस गाठी.