पेवातला हुतात्मा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावचे कावळे पाणी प्यायला एसटीनं गेवराईला जात आणि कंडक्टर त्यांचं अर्धं तिकीट फाडी. ही माझी गप. खोटी हाय, पण तिनं कुणाचं वाईट केलं न्हाई. आता दुसऱ्याची ऐका.

आमचे आप्पाराव पाटील. निजामाच्या राज्यात लेव्हीची, म्हंजे सरकारला सक्तीनं द्यायची ज्वारी लोकांच्या घरातून तेच उचलून नेत. निजाम गेला, पाटलांनी टोपी बदलली, आणि दुष्काळाच्या साली ते होऊ घातलेल्या साखर कारखान्याचे चेअरमन होते. गावात उसाचं टिपरू न्हाई, पण चेअरमन हाय! त्याच साली त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळाला. लगेच शाळेत मोहनराव गुरुजी पोरांकडून घोकून घेऊ लागले, ‘आप्पारावांनी पेवात बंदुका लपवून जुलमी राजवटीशी झुंज दिली.’

त्या पेवात लोकांकडून उचललेली ज्वारीच होती. जमिनीखालचं कोठार ते; उघडलं की आधी दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा विषारी, माणसानं उतरायचं न्हाई. पण निजामाच्या राज्यातच एक दिवस लेव्हीच्या गाड्या उभ्या होत्या, आप्पारावांना घाई. दिवा न सोडताच त्यांनी गड्याला, सिदूला, खाली उतरवलं. सिदू मेलेला वर आला. मागून ज्वारी आली, आणि गाड्या भरूनच गेल्या.

ताम्रपटाच्या सत्काराआधी सिदूची बायको कडूबाई माझ्याकडं आली. दुष्काळी कामावर खडी फोडायची ती, हातोडा हातातच.

“ज्ञानोबा भावजी, पोरं काय घोकत्यात ऐकलं का? माझ्या माणसाचं नाव कुठंच न्हाई. तुमी तेवढं नाव घ्या.”

“वैनी, माझं खरं कोण मानतंय?”

“कावळ्याचं मानत्यात, मग माणसाचं कावून न्हाई मानणार?”

सत्काराला लोकांना हसवायला मला उभं केलं. मी दिवा सांगितला, गाड्या सांगितल्या, सिदू सांगितला. मीठमसाला काही न्हाई.

“कावळे कुठं गेले बे, ज्ञान्या?” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला न्हाई.

तेवढ्यात आप्पाराव उठले. डोळ्याला उपरणं लावलं.

“ज्ञानोबा, बरं केलंस बाबा. ही जखम मी उरात दाबून ठेवली होती. सिदू बंदुका लपवायलाच उतरला होता. माझ्यासाठी जीव दिला त्यानं!”

टाळ्या पडल्या. कावळ्यांना एसटीत बसवणारा मी, पण मनातून हात जोडले. हे आपल्याच्यानं झालं नसतं.

“खोटं हाय!” कडूबाई ओरडली. “लेव्हीची ज्वारी...”

“हुतात्मा सिदू!” गुरुजींनी आवाज दिला.

“अमर रहे!” सगळी शाळा ओरडली. तिचं पुढचं मलाही ऐकू आलं न्हाई.

पेवाच्या तोंडाशी दगड बसला. वर मोठ्या अक्षरात पाटील, खाली बारक्या अक्षरात ‘त्यांचा विश्वासू गडी हुतात्मा सिदू’. एका सकाळी कडूबाईनं मला तिथं नेलं.

“माझ्या माणसाचं नाव कुठं कोरलंय, बोट ठेवा. मला वाचता येत न्हाई.”

मी बोट ठेवलं.

“आता हात काढा,” ती म्हणाली आणि हातोडा उचलला.

खडीच्या कामावरची बाई ती. नावाची चिपरं उडाली. पलीकडं शाळा भरली होती, आणि पोरं सिदूचं नाव घेऊन तोच बंदुकांचा धडा घोकत होती.